बॅटरी थंडीत मरत नाही, मे महिन्यात मरते



आज धानावर नाही, गाडीवर लिहून राहिलो. डिसेंबर लागला की गावात पहाटे एकच आवाज. सेल्फची टकटक, आणि मागून ठरलेलं वाक्य : "थंडी पडली ना भाऊ, बॅटरी गेली." मेकॅनिक तेच म्हणतो, आपणही मान हलवतो आणि हजार-दीड हजार मोजून मोकळे होतो.

माझं सरळ म्हणणं आहे : थंडीवर घेतलेला हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो, आणि त्याचा दंड आपण दर हिवाळ्यात भरतो.

मी भरला आहे. लागोपाठ दोन हिवाळ्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या. दुसरी बसली ती सांजच्या वेळी, जंगलाला लागून असलेल्या बांधावर. मोबाईलला रेंज नाही, अंधार पडत आलेला, आणि त्याच आठवड्यात नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे दिसलेले. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली इकडच्या माणसाला सांगायला नको की तिथून तीन किलोमीटर गाडी ढकलत येणं काय असतं. म्हणून हा विषय मला हजार रुपयांपेक्षा मोठा वाटतो.

नंतर एका जाणत्या वायरमनने मीटर लावून दाखवलं. दुसऱ्या बॅटरीत दोष नव्हताच. गाडीचा रेग्युलेटर खराब होता, तो चार्जिंगच देत नव्हता. नवी बॅटरी टाकली, ती आहे तेवढं देऊन रिकामी झाली. आणि पहिली? ती मी उन्हात मारली होती.

हे नीट समजून घ्या. लेड-ॲसिड बॅटरीचा खरा वैरी उष्णता आहे. २५ अंशांच्या वर कायम १० अंश जास्त तापमानात राहिली, तर तिचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं, हा जुना ठोकताळा आहे. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कधी ४७ च्याही वर. तेंदूपत्त्याच्या दिवसांत गाडी संकलन केंद्रावर दिवसभर उन्हात उभी. सीटखाली बॅटरी भाजते, आतलं पाणी कमी होतं, प्लेटा झिजतात. पण उन्हाळ्यात इंजिन गरम, ऑइल पातळ, म्हणून अर्धमेली बॅटरीही गाडी उचलते. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि बॅटरी थोडी मंदावते. मग बिंग फुटतं. थंडीने फक्त पंचनामा केला, खून मे महिन्यातच झाला होता. निरोगी बॅटरीला आपली ८-१० अंशांची थंडी सहज झेपते.

दुसरा मारेकरी आपण स्वतः. घर ते शेत दीड किलोमीटर, शेत ते दुकान एक किलोमीटर, दिवसातून आठ वेळा सेल्फ. सेल्फ जेवढा करंट खातो तेवढा एवढ्याशा चालण्यात परत भरत नाही. वरून जादा एलईडी, मोठा हॉर्न आणि मोबाईल चार्जर थेट बॅटरीवरून जोडलेले. चावी काढली तरी त्यातलं काहीतरी रात्रभर करंट पीत राहतं. अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, आणि मग ती पूर्ण भरतच नाही.

काही जण म्हणतील, "किक मारा ना बाप्पा, काऊन एवढं लिहून राहिला?" कार्बोरेटरच्या गाडीला हे चालतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत. पेट्रोलचा पंपच करंटवर चालतो, बॅटरी पार मेली तर किकही बहुधा हात टेकते. आणि कित्येक मॉडेलांना आता किकच नाही. शहरात ते खपेल, आपल्याला नाही. नवी गाडी घेताना किक असलेलीच मागा. आपण मागितलं नाही तर ती हळूहळू दिसेनाशी होईल.

आता करायचं काय? दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गावात एक असला तरी पुरे.

१) पहाटे, गाडी सुरू करण्याआधी : १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर उत्तम. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, चार्ज करा.
२) सेल्फ मारताना : १० च्या बरंच खाली पडली तर बॅटरी कमजोर किंवा रिकामी. पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरी तेच, तर खुशाल बदला.
३) इंजिन चालू, थोडी रेस देऊन : १३.५ ते १४.५ हवेत. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंगमध्ये दोष, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बॅटरी उकळून राहिला.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? मग बॅटरीला सोडा. प्लग, दवाने ओली झालेली प्लगची टोपी, एअर फिल्टर, बाटलीतल्या पेट्रोलमधलं पाणी बघा. कार्बोरेटरला चोक ओढा, इंजिन तापल्यावर बंद करा. इंजेक्शनच्या गाडीला चावी फिरवून पंपाचा आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, मग सेल्फ. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दम घेऊ द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी काळी वायर काढा, सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. चार्जिंग सावकाश : ४ एएचच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर लावाल तर ती फुगेल. गाडी सावलीत ठेवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा.

कृषी सहायक ताई-दादांनो, तुम्ही आम्हाला सांगता, पान पिवळं दिसलं म्हणून युरिया फेकू नका, आधी माती तपासा. बरोबर सांगता. मग तुमच्या-आमच्या गाडीला हा न्याय का नाही? न तपासता युरिया आणि न मोजता बॅटरी, दोन्ही एकाच जातीचा खर्च.

यंदा मेकॅनिक "बॅटरी गेली" म्हणाला तर भांडू नका. फक्त म्हणा, "भाऊ, आकडा दाखव."