कुलूप कोणासाठी?

दिवाळीच्या फराळाला बाहेर पडताना आपण दाराला कुलूप लावतो आणि किल्ली कनवटीला खोचून निश्चिंत होतो. घर आपले, कुलूप आपले, किल्लीही आपली. परंतु समजा, कुलूपवाला म्हणाला, 'घर तुमचे, पण किल्ली आमच्या पेढीवर. आमची पेढी बंद झाली तर तुम्ही उंबऱ्यावर बसा!' असल्या माणसाला भाईंदरच्या बाजारात कोणी उभे तरी करील काय? संगणकाच्या बाबतीत मात्र हाच व्यवहार आपण वर्षानुवर्षे मुकाट्याने पत्करीत आलो आहोत.

आमच्या भाईंदर पश्चिमेला एक बाई टंकलेखनाचे लहानसे दुकान चालवितात. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, सार्वजनिक गणपतीची अहवालपुस्तके, हा त्यांचा धंदा. 2002 साली, म्हणजे येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्याच वर्षी, त्यांनी भिशीचे पैसे घालून मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतले. तेच सॉफ्टवेअर चोरट्या सीडीवर चहाभज्यांच्या पैशांत मिळत होते. बाईंनी ते घेतले नाही. त्यांच्या खोक्यात एक नोंदणी क्रमांक आला आणि बोटभर लांबीचे एक 'लॉक' आले. ते संगणकाच्या पाठीला लावल्यावाचून एक अक्षर उमटत नसे.

पुढे तो संगणक मोडला. नव्या संगणकाला लॉक बसविण्याची खोबणीच नव्हती. कंपनीने उत्तर दिले, 'ती आवृत्ती बंद झाली; नवी विकत घ्या.' शेजारच्या गाळ्यात चोरट्या सीडीवर काम करणारा गृहस्थ मात्र सुखात होता. त्याच्या प्रतीचे कुलूप कोणीतरी आधीच फोडलेले होते!

आमच्या वडिलांनी मिठागरांच्या आठवणी या बाईंकडून टंकून घेतल्या होत्या. ती फाईल आज उघडावी तर रोमन अक्षरांचा नुसता केरकचरा दिसतो. त्या काळी बहुतेक कंपन्या मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी, आपापल्या मर्जीने बसवीत. सर्वांना सामायिक असे युनिकोड अजून दुकानांत रुळले नव्हते. म्हणजे कुलूप लागले ते केवळ हत्याराला नव्हे, त्या हत्याराने लिहिलेल्या मजकुरालाही! बाई संकोचून म्हणाल्या, "काका, शेजारी जा. त्याच्याकडे उघडेल." आम्ही गेलो. बापाचे शब्द वाचण्यासाठी चोराच्या दारात उभे राहावे लागले.

आम्ही चोरीची वकिली करीत नाही. भाजीवालीने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करणारा आमचा मध्यमवर्ग चोरटी सीडी मात्र अभिमानाने मिरवितो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. 1976 साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून हेच खडसावले होते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही 1994 ची दुरुस्ती झाली. चोरटा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कष्टाचे मोल मिळालेच पाहिजे. त्यासाठी क्रमांक मागा, खुशाल मागा!

परंतु या क्रमांकाने आजवर अडविले कोणाला? प्रथम तो खोक्यावर छापला; लोकांनी तो एकमेकांना सांगितला. मग त्यामागे गणित बसविले. चोरांनी ते सोडविले. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून संगणकाच्या सुट्या भागांवरून त्याची ओळख ठरवून कंपनीची संमती घेणे आले. त्यालाही वाटा फुटल्या. प्रत्येक नव्या कुलपाने चोराची करमणूक झाली आणि सज्जनाची तपासणी! नुकसान होऊ नये म्हणून रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत करण्याची मुभा तोच कायदा देतो. परंतु क्रमांक देणारी खिडकीच बंद झाली, तर ती प्रत काय पूजेला लावायची?

उपाय नाही, असे कोणी सांगू नये. अ‍ॅडोबी कंपनीने 2012-13 मध्ये आपल्या क्रिएटिव्ह सूट 2 ची संमती देणारी यंत्रणा बंद केली, तेव्हा रीतसर ग्राहकांसाठी संमती न मागणारी प्रत उपलब्ध करून दिली. तेवढी माणुसकी सर्वांनाच सक्तीची करा. आवृत्ती बंद करायची असेल, तर कुलूप काढून मग दुकान आवरा.

वाचकहो, पाडव्याच्या मुहूर्तावर घरी संगणक येईल, मुलांसाठी सॉफ्टवेअर येईल. पैसे मोजून घ्या, पावती घ्या. आणि पावती हातात पडण्यापूर्वी दुकानदाराला एवढे विचारा: 'तुमची कंपनी उद्या नसली, तर आमचे लिहिलेले आम्हांला उघडेल काय?' तो गप्प राहिला, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.