‘त्या काळी तसेच चालायचे’ ही सबब पुरे
१/ भूतकाळातील क्रौर्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आजचे निकष कालच्या माणसांना लावू नयेत.’ तत्त्व योग्यच आहे. मात्र त्याची ढाल कशी केली जाते, हे लोबोटॉमीच्या इतिहासात पाहावे.

२/ १६ डिसेंबर १९६०, कॅलिफोर्निया. हॉवर्ड डली हा १२ वर्षांचा मुलगा. डॉ. वॉल्टर फ्रीमन यांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या खोबणीतून टोकदार हत्यार मेंदूत घालून पुढच्या भागातील मज्जातंतू तोडले. शुल्क २०० डॉलर. सावत्र आईने सांगितलेले व फ्रीमन यांनी टिपून ठेवलेले मुलाचे ‘दोष’ असे : दिवास्वप्नांत रमतो, झोपायला कुरकुरतो, बाहेर ऊन असताना खोलीत दिवा लावतो.

३/ ‘तेव्हाचे वैद्यकच तसे होते’ म्हणणाऱ्यांनी सनावळी तपासावी. लोबोटॉमीचे जनक एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले, हे खरे. पण पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने तिच्यावर बंदी घातली. १९५४ मध्ये अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन हे औषध आले. फ्रीमन स्वतः शल्यविशारद नव्हते. जे होते, ते त्यांचे सहकारी जेम्स वॉट्स, खोबणीतून करण्याच्या या पद्धतीला विरोध करून त्यांच्यापासून दूर झाले. म्हणजे त्या काळाच्याच निकषांवर १९६० ची ही शस्त्रक्रिया टिकत नाही.

४/ आणि ‘तो काळ’ म्हणजे नेमके कोण? तक्रार सावत्र आईची, संमती वडिलांची, टिपणे डॉक्टरांची. मुलगाही त्याच काळातला होता. त्याला कोणी विचारले नाही. पुढे मनोरुग्णालये, तुरुंग, बेघरपण अशी त्याची कित्येक वर्षे गेली. नंतर तो बसचालक झाला. २००५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर त्याने आपली कहाणी सांगितली. २००७ मध्ये चार्ल्स फ्लेमिंग यांच्यासह लिहिलेले ‘माय लोबोटॉमी’ हे आत्मकथन आले.

५/ आक्षेप ठरलेला आहे : मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्याची स्मृती विश्वसनीय कशी मानावी? परंतु डली केवळ स्मृतीवर विसंबलेला नाही. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात जतन केलेली स्वतःची फाइल त्याने शोधून वाचली आणि डॉक्टरांच्याच टिपणांना साक्षीला उभे केले. ती टिपणे तरी तटस्थ कुठे होती? त्यांचा आधार घरातल्या एका व्यक्तीची नाराजी हाच होता.

६/ साधनचिकित्सा करायचीच, तर दोन्ही बाजूंची करावी. केवळ हत्यार धरणाऱ्याच्या कागदांवरून काळाचे निकष ठरवणे हा इतिहास नव्हे, वकिली आहे.