गरिबीचे बालपण पडद्यावर आणायचे कोणी?

चवदार तळ्याच्या १९२७ मधील सत्याग्रहाने महाडचे नाव देशाच्या इतिहासात कोरले गेले. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) या चित्रपटातून हे महाड पडद्यावरही आले. मात्र, त्या सत्याग्रहाच्या संघटकांपैकी एक असलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांचे बालपण वाचकांना ठाऊक आहे ते मुख्यतः पुस्तकातून.

महाडजवळच्या लाडवली येथे १९०३ साली जन्मलेल्या मोरे यांना अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. या शाळकरी मुलाने थेट वृत्तपत्राला पत्र लिहून दाद मागितली, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. बसावे मात्र वर्गाबाहेर लागले. पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत ते कम्युनिस्ट नेते म्हणून ओळखले गेले. त्यांचे अपूर्ण आत्मकथन पुत्र सत्येंद्र मोरे यांनी प्रसिद्ध केले.

जातीचा जाच सर्वांच्या वाट्याला आला नसला, तरी दारिद्र्य महाड-पोलादपूरच्या अनेक घरांनी अनुभवले आहे. भात-नाचणीची तुटपुंजी शेती, वडील मुंबईच्या गिरणीत वा गोदीत आणि महिनाअखेरीच्या मनिऑर्डरकडे लागलेले डोळे, असेच येथील पिढ्यांचे बालपण सरले. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आधारही खचला. अनुभवांची वानवा नाही. तरीही असे आत्मचरित्रात्मक चित्रपट विरळाच आहेत.

याचे मुख्य कारण आर्थिक आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि दलित आत्मकथनांना मराठीत मानाचे स्थान मिळाले. लेखणीला भांडवल लागत नाही, कॅमेऱ्याला लागते. म्हणूनच नागराज मंजुळे यांचा प्रवास बोलका ठरतो. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला व त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यानंतर स्वानुभवावर बेतलेला 'फँड्री' (२०१३) आला. येथे पहिली संधी शिक्षणसंस्थेने दिली, बाजाराने नव्हे.

ब्रिटनमध्येही हेच घडले. स्कॉटलंडच्या खाणकामगार वस्तीत वाढलेल्या बिल डग्लस यांनी १९७२ ते १९७८ या काळात आपल्या बालपणावर व तारुण्यावर तीन चित्रपट केले, ते ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या पाठबळावर.

महाराष्ट्र शासनही मराठी चित्रपटांना अनुदान देते; परंतु ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षणाअंती. आधी पैसा उभा करू शकणाऱ्यालाच नंतर मदत मिळते. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतील मुलाला स्वतःची कथा सांगायची असेल, तर त्याचे घोडे नेमके या पहिल्या पायरीवरच अडते. संहितेच्या टप्प्यावर अर्थसाहाय्य आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतून चित्रपटाचे शिक्षण, या दोन गोष्टी झाल्या तरच ही उणीव भरून निघेल. अन्यथा कष्टकऱ्यांचे बालपण पडद्यावर येईलही. पण ते इतरांच्या नजरेतून.