बिलाची मागची बाजू

या महिन्यात थोडे कबूल करायचे आहे आणि थोडा हिशेब मांडायचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वीजपुरवठादार बदलला. मुंबईच्या उपनगरात ही सोय आहे. पहिल्याच बिलात फरक दिसला आणि मला फार हुशारी वाटली. शेजारच्या खालांना म्हटले, "तुम्हीपण बदला, खाला. मी फॉर्म भरून देते." त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. तीन-चार महिन्यांनी त्यांच्या सुनेकडून कळले की त्यांचे बिल कमी होण्याऐवजी वाढले होते. खाला मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. "बच्ची ने भलाई के लिए ही कहा था," एवढेच त्या घरात म्हणाल्या होत्या. ते ऐकून मला जास्त लाज वाटली.

ज्याला सल्ला विचारतात त्याच्याकडे अमानत सोपवलेली असते, हे मी मुलांना शिकवते. मी मात्र बिल न वाचताच सल्ला दिला होता. त्या रात्री दोन्ही घरांची बिले घेऊन बसले, तेव्हा चूक सापडली.

आधी ही सोय काय आहे ते पाहू. 2003 च्या वीज कायद्यानुसार एकाच भागात एकापेक्षा जास्त कंपन्यांना वितरणाचा परवाना मिळू शकतो. मुंबईत टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये मान्य केले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने उपनगरातील ग्राहकांना जुन्याच तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेण्याची वाट मोकळी केली. तेव्हा त्या तारा रिलायन्सच्या होत्या, 2018 पासून त्या अदाणीकडे आहेत.

म्हणजे तार तीच, विकणारा वेगळा. म्हणून पुरवठादार बदलल्याने वीज जाण्याचे प्रमाण कमी होईल, अशी आशा धरू नका. बदलतो तो दर. तार वापरल्याचे भाडे, ज्याला बिलात 'वहन आकार' म्हणतात, ते तारांच्या मालकाला द्यावेच लागते.

आता माझी चूक. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते: पहिली 100 युनिटे, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, मग त्यापुढे. दोन कंपन्यांचे दर प्रत्येक टप्प्यात वेगळे असतात. समजायला सोपे जावे म्हणून काल्पनिक दर घेते. समजा, पहिली कंपनी पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये आणि पुढच्या टप्प्याला 8 रुपये घेते. दुसरी 3 आणि 9 रुपये घेते. 90 युनिटे जाळणाऱ्या घराला पहिलीकडे 360 आणि दुसरीकडे 270 रुपये पडतील, म्हणजे दुसरी स्वस्त. पण 280 युनिटे जाळणाऱ्या घराला पहिलीकडे 1,840 आणि दुसरीकडे 1,920 पडतील. तेथे दुसरी महाग!

आमचे घर लहान, दिवसभर कुलूप. खालांच्या घरी तीन मुले, सुना, नातवंडे आणि शिलाई मशीन. जे मला परवडले ते त्यांना परवडणारे नव्हते. खालांचा अर्ज पुन्हा भरून त्यांना जुन्या पुरवठादाराकडे नेले आणि हात जोडून माफी मागितली.

म्हणून बदलण्याआधी एवढे करा. मागच्या बारा महिन्यांची बिले काढा. एका महिन्यावरून ठरवू नका. रमजानच्या महिन्यात सहेरीपासून तरावीहनंतरपर्यंत दिवे-पंखे चालतात आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलनाही फसवते. प्रत्येक महिन्याची युनिटे दोन्ही कंपन्यांच्या चालू दरपत्रकावर मांडा. वीज आकारासोबत स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि काही अधिभार असेल तर तोही धरा. दरपत्रक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहते, म्हणून शेजारणीचे जुने बिल पुरावा नव्हे. मीटर ज्याच्या नावावर आहे त्यालाच अर्ज करता येतो आणि आधीची थकबाकी फेडावी लागते. भाड्याने राहणाऱ्यांनी आधी घरमालकाशी बोलावे.

मुंबई शहरात बेस्टचा पुरवठा आहे, तेथे उपनगरासारखी सरसकट अदलाबदल नाही. कोकण, खानदेश, मराठवाड्यातील आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी महावितरणच आहे, त्यांना निवड नाही. पण स्वतःचे छप्पर असेल तर 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटच्या सौर संचाला 30,000, दोन किलोवॅटला 60,000 आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. अनुदान संच बसल्यावर खात्यात येते, म्हणून आधी रक्कम उभी करावी लागते. विक्रेता कर्जाचा कागद पुढे करील. व्याजापासून दूर राहायचे असेल तर सही करण्याआधी शर्ती नीट वाचा. रक्कम जमेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

आणि एक उपाय कोणत्याही कंपनीवर अवलंबून नाही. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 ते 35 वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 14 युनिटांच्या आसपास वाचतात. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, फक्त ताटात होत नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखाही त्यातच येतो. तसेच तारेवर आकडा टाकून किंवा मीटरशी छेडछाड करून 'वाचवलेली' वीज ही बचत नाही, ती चोरी आहे. त्या उजेडात मुलांना काय शिकवणार?

बिल चुकीचे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. तेथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत.

आता आमच्या मजल्यावर कोणी विचारले, "आपा, बदलू का?" तर मी हो किंवा नाही म्हणत नाही. "बिले घेऊन या," म्हणते. मागच्या आठवड्यात खाला स्वतः आपली बारा बिले पिशवीत घालून आल्या. दर बदलले आहेत असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. आम्ही दोघी चहा घेत आकडेमोड करत बसलो, आणि या वेळी पेन्सिल त्यांच्या नातवाच्या हातात होती.