पेट्रोलचा काटा आणि रविवारची दुरुस्ती

मैत्रिणींनो, या सदरात आजवर कुकरच्या शिट्टीपासून मिक्सरच्या पात्यापर्यंत बऱ्याच खटपटी झाल्या. आज मोटरसायकल. ‘हे काही आपलं काम नव्हे’ म्हणून पान उलटू नका. गाडी ह्यांची असो, मुलाची असो की आपली स्वतःची, ती रात्री-अपरात्री वाटेत बंद पडली की घड्याळाकडे बघत बसायचं काम आपल्याकडेच येतं.

आमची गाडी शंभर सी.सी.ची, चांगली बारा-तेरा वर्षांची. पावसाळाभर अंगणात उभी होती. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. टाकीत गंज धरला आणि गाडी आचके देऊ लागली. एका रविवारी ह्यांनी ठरवलं, टाकी काढून घरीच धुवायची. मोबाइलवर तसा व्हिडिओ पाहिला होता, त्यामुळे उत्साह दांडगा. टाकी उतरवली. तळाशी असलेलं गढूळ पेट्रोल मीच दिलेल्या स्टीलच्या पातेल्यात काढलं. टाकीच्या बुडाला काट्याचा भाग चार नटांनी बसवलेला असतो, तो ओढून बाहेर काढला. टाकी खुळखुळवून धुतली, उन्हात वाळवली, आणि तीन वाजेपर्यंत सगळं जागच्या जागी बसलंसुद्धा.

सोमवारी गाडी ढकलतच कोपऱ्यावरच्या पंपावर नेऊन दोन लिटर पेट्रोल भरलं. काटा अर्ध्याच्या थोडा वर! टाकी दहा लिटरची. दोन लिटरला काटा अर्ध्यावर कसा जाईल, हे ह्यांच्या लक्षात आलं नाही, आणि दुधाचा पावशेरापर्यंत हिशेब ठेवणाऱ्या माझ्याही नाही. उलट, “बघ, धुतल्यावर काटासुद्धा सुधारला,” असं आमचं बोलणं झालं.

गुरुवारी दुसरी पाळी संपवून गोकुळ शिरगावहून येताना उजळाईवाडीजवळ गाडी बंद पडली. काटा तसाच, अर्ध्याच्या वर. पेट्रोल आहे म्हटल्यावर ह्यांनी प्लग काढला, पुसला, किका मारून पाय दुखवून घेतला. मोबाइल उतरलेला. महामार्गाच्या कडेला अंधारात वाकून बसलेला माणूस, आणि शेजारून ट्रक धडधडत चाललेले. शेवटी कोणी एक भला माणूस थांबला. त्याच्या बॅटरीच्या उजेडात टोपण उघडून पाहिलं तर टाकी कोरडी ठणठणीत! तिथून शाहू नाक्यापर्यंत गाडी ढकलत आणली. इकडे सासूबाई देवापुढे बसलेल्या आणि मी फाटकाशी उभी. दीड वाजता हे घरी आले तेव्हा रागावू की रडू ते मला कळेना.

काटा खोटा बोलला हे खरं. पण रिझर्व्ह का लागला नाही? जुन्या पद्धतीच्या गाडीत टाकीखाली पेट्रोलची चावी असते. साधं पेट्रोल संपलं की गाडी आचका देते, आपण चावी रिझर्व्हवर फिरवतो आणि पंपापर्यंत पोचतो. सकाळी उजेडात पाहिलं तर चावी रविवारपासूनच रिझर्व्हवर! टाकी बसवताना फिरलेली ती तशीच राहिली होती. म्हणजे इशारा देणाऱ्या दोन्ही गोष्टी आम्हीच मुक्या करून ठेवल्या होत्या.

राजदूत, येझदी चालवणाऱ्या मागच्या पिढीला काटा नव्हताच. टोपण उघडून गाडी हलवायची आणि आतलं पेट्रोल किती डुचमळतं ते पाहायचं. ते लोक सहसा फसत नसत, कारण विसंबायला काही नव्हतंच.

एका दुकानात विचारलं तर गाडी न बघताच, “मीटर बदला” असा सल्ला मिळाला. उद्यमनगरातल्या आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी मात्र उलटा प्रश्न केला. “वैनी, शनिवारपर्यंत काटा बरोबर चालत होता न्हवं? मग रविवारी जिथं हात लागला तिथंच बघायचं की. मीटरला कुठं हात लावलाय तुम्ही?”

मी बी.ए. इतिहासवाली, विजेचं गणित माझ्यापासून दूरच. तरी ही रचना मला चटकन कळली, कारण तिचा भाऊ आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आहे. तिथे तरंगणारा गोळा नळ बंद करतो. इथे पेट्रोलवर तरंगणारा छोटा गोळा किंवा ठोकळा एका तारेच्या दांडीला असतो. पेट्रोल उतरलं की तो खाली येतो, दांडीचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकतं आणि विजेला होणारा अडथळा बदलतो. पुष्कळ गाड्यांत भरलेल्या टाकीला हा अडथळा दहा ओहमच्या आतबाहेर आणि रिकाम्या टाकीला शंभराच्या आसपास असतो. काहींत नेमकं उलट. समोरचा काटा फक्त तो अडथळा वाचतो. टाकीत काय आहे ते त्याला बिचाऱ्याला दिसत नाही.

म्हणून आधी दोन वायरींचा जोड पाहायचा. टाकी उतरवताना तो सोडावा लागतो, आणि परत लावताना नीट बसत नाही किंवा टाकीखाली चिमटला जातो. आमचा जोड ठीक होता. मग मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे टोपण घट्ट लावून, पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना ते पाहून, जोड सोडला आणि गाडीची चावी फिरवली. काटा हळूहळू रिकाम्याच्या खुणेवर उतरला. मीटरकडे जाणाऱ्या त्या दोन टोकांना तारेचा तुकडा क्षणभर लावला तर काटा भरलेल्याच्या खुणेकडे निघाला. (काही गाड्यांत दिशा उलटी असेल, काटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातोय, एवढं पाहायचं. काही काटे सावकाश सरकतात, जरा धीर धरावा.) याचा अर्थ मीटर चांगला, वायरी चांगल्या, दुखणं टाकीत. नव्या मीटरचे पैसे तिथेच वाचले. ही परीक्षा साध्या, दोन वायरींच्या काट्याचीच बरं का. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्या आणि आकडे दाखवणारे मीटर यांत हात घालू नका. त्यांचा पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून त्या गाड्या कोरड्या होईपर्यंत चालवूही नयेत.

शनिवारी टाकी पुन्हा उतरवायची ठरली, आणि इथे आमचं भांडण झालं. कारण मला मागचा रविवार आठवला. रविवार म्हणजे सगळ्यांच्या न्हाण्याचा दिवस. मागच्या पडवीत बंब पेटवलेला. दहा वाजता पेट्रोल पातेल्यात काढलं तेव्हा बंबात राखेखाली निखारे होते, जेमतेम दहा-बारा फुटांवर. आणि पातेलं नेऊन देणारी मी! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरपटत सखल जागेकडे जाते आणि विस्तव गाठते. “एवढ्यानं काय होतंय, मागं झालं का काही?” असं ह्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. बंब पाणी ओतून विझवला, गॅस सिलिंडरपाशी बंद केला, आणि टाकी पडवीत नव्हे, समोरच्या उघड्या अंगणात उतरवायला लावली. पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढलं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत काढू नये. तहानलेलं पोर बाटली बघत नाही, तोंडाला लावतं.

दुखणं लगेच सापडलं. भोक लहान, दांडी लांब. रविवारी ओढून काढताना ती किंचित वाकली होती. टाकी गाडीच्या सांगाड्यावर खोगिरासारखी बसते, म्हणून तिच्या पोटात मधोमध उंचवटा असतो. वाकलेली दांडी त्यालाच अडून अर्ध्यावर लटकली होती. पकडीने अलगद सरळ केली. मग तो भाग कोरडा पुसून, टाकीपासून लांब नेऊन, वायरीला जोडून हाताने दांडी वर-खाली करून पाहिली. काटा तिच्यामागून शहाण्यासारखा फिरला. हे पाहणं रविवारीच केलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं. दांडी सरळ असूनही काटा तळाशीच राहिला, तर गोळा कानाशी हलवून पाहावा; आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटून बुडतो आहे.

बसवताना रबराच्या रिंगने दमवलं. पेट्रोल पिऊन ती फुगली होती, खाचेत बसेना. दाबून बसवली तर गळणार. नवी रिंग थोड्या पैशांत मिळाली. नट एकेक करून पक्के न करता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. मग एक लिटर पेट्रोल घालून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि अर्धा तास थांबलो. कागदावर डाग नाही, तेव्हाच गाडीला हात लावला.

गंजाचंही सांगते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या उसाचंच की, त्याला नावं कशी ठेवू! पण ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते तळाशी साठतं. म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आडोशाला ठेवावी, आणि टाकी निम्मी रिकामी ठेवू नये.

दुरुस्तीनंतर आम्ही लिटर लिटर मोजून पेट्रोल घातलं आणि काटा कुठे येतो ते लिहून ठेवलं. कालनिर्णयाच्या चौकोनात आता दुधाशेजारी गाडीचे किलोमीटर आणि लिटर असतात. सोमवारी दोन लिटर, लिटरला पन्नासच्या आसपास, रोजची फेरी चोवीस-पंचवीस किलोमीटर: गुरुवारी रात्री गाडी थांबणार हे तिसरीतल्या पोरानेही सांगितलं असतं. आणि रिझर्व्हची चावी रोज निघताना हे पाहतात की नाही, ते मी फाटकातून बघते.

ते स्टीलचं पातेलं मी मेस्त्रींना देऊन टाकलं. तीनदा घासलं, चिंच लावली, उन्हात ठेवलं; पण दूध तापवायला धीर झाला नाही.