हक्क कोणी 'दिले'?

प्रबोधनयुगाच्या तत्त्वज्ञांनी जगाला हक्क 'दिले', हे विधान आपण वर्गात किती सहजपणे करतो! लॉकने शासनाचा पाया प्रजेच्या संमतीत शोधला, हे खरेच. पण त्याच लॉकचे भांडवल गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतले होते. रूसोचा 'सामाजिक करार' १७६२चा. स्त्रीचे शिक्षण पुरुषाच्या सोयीने ठरवणारा 'एमिल'ही त्याच वर्षीचा. एवढ्याने हे ग्रंथ त्याज्य ठरत नाहीत. मात्र 'सर्व माणसे' या शब्दांना खरा अर्थ दिला तो वगळलेल्यांनी : १७९१मध्ये स्त्रीहक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूजने आणि त्याच वर्षी हैतीत बंड करून उठलेल्या गुलामांनी. अभ्यासक्रमात त्यांना जागा नसेल, तर आपण हक्कांचा इतिहास नव्हे, देणगीदारांची यादी शिकवत आहोत.