सिस्टरना नाव विचारायला वेळ द्या

घाटकोपरचं राजावाडी असो, जुहूचं कूपर असो की मुलुंड-बोरिवलीतलं एखादं खासगी नर्सिंग होम, घरातलं कुणी अ‍ॅडमिट झालं की धावपळीसाठी पहिला नंबर लागतो तो घरातल्या विशीतल्या पोरा-पोरींचा. केसपेपर काढा, खालच्या मेडिकलमधून औषधं आणा, रिपोर्टसाठी रांग लावा, रात्री बाकड्यावर अंग टाका. या मुक्कामात एक गोष्ट हमखास खटकते. सिस्टर इंजेक्शन द्यायला येतात आणि पेशंटला विचारतात, "नाव काय तुमचं? पूर्ण सांगा." चार दिवस त्याच खाटेवर पडलेल्या माणसाला पुन्हा नाव? आपण वैतागतो.

वैतागू नका. उलट हा प्रश्न विचारला नाही, तर काळजी करा.

जानेवारी 2022 मधली गोष्ट. गोवंडीच्या बैंगनवाडीतल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये दोन वर्षांचा मुलगा दाखल होता. दुसऱ्या रुग्णासाठी असलेलं इंजेक्शन त्याला दिलं गेलं आणि तो दगावला. इंजेक्शन देणारी व्यक्ती नर्स नव्हती, सफाईचं काम करणारी अल्पवयीन व्यक्ती होती, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. गुन्हा दाखल झाला, दोन दिवस बातम्या चालल्या, सगळ्यांनी 'निष्काळजीपणा' म्हटलं आणि विषय संपला.

पण निष्काळजीपणा हा शब्द फार सोयीचा आहे. तो एका माणसाच्या माथी मारला की बाकीचे मोकळे. खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या वेळी त्या खाटेपाशी प्रशिक्षित नर्स का नव्हती?

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून पहिल्या वर्षापासून पाच गोष्टी घोटून घेतल्या जातात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मार्ग म्हणजे औषध शिरेतून द्यायचं, स्नायूत द्यायचं की तोंडाने. यातली पहिलीच पायरी म्हणजे 'नाव काय तुमचं?'. एका वॉर्डात दोन पाटील आणि तीन शेख सहज असतात, खाटा बदलतात, पेशंट गुंगीत असतो. म्हणून नाव विचारायचं, केसपेपरशी ताडून पाहायचं, अ‍ॅलर्जी आहे का ते विचारायचं आणि मगच सुई हातात घ्यायची. हे अंगवळणी पडावं म्हणून जीएनएमला तीन वर्षं आणि बीएस्सी नर्सिंगला चार वर्षं घालवावी लागतात. नुसती सुई टोचता येणं म्हणजे नर्सिंग नव्हे.

आता साधा हिशेब करू. वॉर्डात 30 पेशंट आहेत, रात्रपाळीला एकच सिस्टर. दहाच्या राउंडला प्रत्येकाला औषध द्यायचंय. नीट तपासून, हात स्वच्छ करून, नोंद करून एका पेशंटला चार मिनिटं धरली, तरी दोन तास होतात. त्यात कुणाचं सलाइन संपतं, कुणाला धाप लागते, आणि एखादा नातेवाईक "अहो सिस्टर, किती वेळ?" म्हणून काउंटरवर उभा असतो. चाराची दोन मिनिटं करायची, तर काय गाळलं जाणार? तपासणंच. चूक तिथे जन्माला येते.

नियम नाहीत असंही नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि आयसीयूत एका खाटेमागे एक नर्स हवी. खासगी नर्सिंग होमसाठी तर आपल्याकडे 1949 पासून कायदा आहे. पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल, तर नर्सिंग होमला नोंदणी नाकारता येते, इतकं त्यात स्पष्ट लिहिलंय.

छोटी रुग्णालयं म्हणतात, नर्स मिळत नाहीत. मिळतील कशा? खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, 2016 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून समिती नेमली गेली. 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20 हजारांपेक्षा कमी पगार नसावा, अशी शिफारस तिने केली. मुंबईच्या उपनगरात भाडं आणि लोकलचा पास भागवून 20 हजारांत काय उरतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तेवढेही द्यायचे नसतील, तर शिकलेली नर्स येत नाही. मग 'अनुभवातून शिकलेल्या' मावशींच्या हातात सिरिंज जाते. स्वस्तातल्या या सोयीची किंमत पेशंट मोजतो.

माणसं असली आणि कामाची शिस्त असली की काय होतं, हेही याच शहराने पाहिलंय. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएममध्ये नर्स अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 ला मृत्यू येईपर्यंत, जवळपास 42 वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर बेडसोर नव्हते, याची सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात दखल घेतली. आपण याला प्रेम म्हणतो, आणि ते होतंच. पण बेडसोर नुसत्या प्रेमाने टळत नाहीत. ठरलेल्या वेळी कूस बदलावी लागते, त्वचा बघावी लागते, अंग कोरडं ठेवावं लागतं, आणि पाळी संपली की हे काम पुढच्या सिस्टरला समजावून द्यावं लागतं. त्यासाठी पुढची सिस्टर असावी लागते!

दर 12 मे ला परिचारिका दिनी आपण 'पांढऱ्या कपड्यातली देवी'चं स्टेटस ठेवतो. देवीला पगार लागत नाही, झोप लागत नाही, सुट्टी लागत नाही. सिस्टरना हे सगळं लागतं. त्यांच्या आंदोलनाच्या बातम्यांत भरतीची मागणी दिसली, तर ती आपल्याही सुरक्षिततेची मागणी आहे, हे ओळखायला हवं.

काही सिस्टर तुसडेपणाने बोलतात, ही तक्रारही खरी आहे. ती जरूर करा, मेट्रनकडे लेखी करा. पण इंजेक्शन भरत असलेल्या सिस्टरशी वाद घालू नका, तेवढा वेळ त्यांचं लक्ष औषधावर राहू द्या. नाव विचारलं तर पेशंटला स्वतः सांगू द्या. नाव न विचारता कुणी सुई पुढे केली, तर न लाजता विचारा, "हे कुणाचं, कशाचं औषध आहे? तुम्ही नर्स आहात ना?" आणि अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर एसी रूमचा दर विचारतो, तसंच हेही विचारा, "रात्री किती खाटांमागे किती प्रशिक्षित नर्स असतात?"

प्रत्येक रुग्णालयाने हा आकडा वॉर्डाच्या दारावर, पाळीनुसार लिहायला हवा. महापालिकेच्या आरोग्य विभागाने तशी सक्ती करावी. खर्च एका फळ्याचा आणि खडूचा आहे.